छोटा एस, मोठा एस: शिरोलीतल्या एका फौंड्रीत गळणाऱ्या टीसींचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. ओळख पटू नये म्हणून हीट नंबर आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत, बिघाड मात्र होता तसाच ठेवला आहे. दोन इंडक्शन भट्ट्या, एक मोठी आणि एक नंतर बसवलेली लहान. ग्रे आयर्न आणि एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट) आयर्न अशा बिडाच्या दोन्ही प्रकारांची ओतकामं होतात. माल मुख्यतः पुण्याकडच्या वाहन उद्योगाला जातो. संध्याकाळी गाडी भरते, रात्री पुणे-बेंगळुरू हायवेला लागते आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या गेटवर उभी राहते.

गेटवर मालाआधी कागद बघतात. भट्टीतून एका वेळी काढलेला रस म्हणजे एक हीट. प्रत्येक हीटचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत कोणता घटक किती हे सांगणाऱ्या यंत्रावर, तपासतात. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे येतात आणि त्यावर लॅब इनचार्जची सही झाली की टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे टीसी, तयार होतो. एसजी आयर्नमध्ये या कागदाचं वजन जास्त असतं. रसात मॅग्नेशियम घालून ग्राफाइटला गोल आकार द्यायचा, ही त्या धातूची सगळी किमया. पण मॅग्नेशियम टिकत नाही, वेळ जाईल तसं उडत जातं. शेवटी शिल्लक साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के राहिलं तर ग्राफाइट गोल होतो. कमी पडलं तर कास्टिंग ठिसूळ निघतं, आणि बाहेरून बघून ते कुणालाही कळत नाही. असा भाग गाडीच्या चाकाजवळ बसणार असेल, तर त्या हीटचे आकडे हातात असल्याशिवाय माल न घेणारं गिऱ्हाईक बरोबरच वागतं.

टीसी बनवायचं काम एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, करायची. तिथे पूर्वी कामाला असलेल्या एका मुलाने ती लिहिली होती. पद्धत अशी: स्पेक्ट्रोमीटरच्या विंडोज कॉम्प्युटरवरून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) ऑफिसातल्या उबुंटू लिनक्सच्या मशीनवर यायची. लॅब इनचार्ज आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, त्या मशीनवर जायचे, आकडे तपासून एक कमांड द्यायचे आणि मंजूर हीट महिन्याच्या फाइलमध्ये जाऊन ती फाइल सॉर्ट व्हायची. इकडे डिस्पॅचमध्ये गाडीत चढलेल्या हीटची यादी टाइप व्हायची. रात्री साडेआठला क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट चालवायचा: डिस्पॅचची यादी सॉर्ट करायची, हीट नंबरावर दोन्ही फाइलींचं जॉइन करायचं (सारख्या नंबरांच्या ओळी जोडायच्या), आलेल्या ओळींचे टीसी मांडून प्रिंटरला पाठवायचे.

स्क्रिप्ट वाईट नव्हती. छोटी, वाचता येईल अशी, आणि काही वर्षं बिनतक्रार चाललेली.

हीट नंबर दर महिन्याला एकपासून सुरू व्हायचे. ग्रे आयर्नला पुढे जी, एसजीला एस. लहान भट्टी आली तेव्हा तिच्यावर फक्त एसजी काढायचं ठरलं, आणि ओळखायला सोपं म्हणून तिच्या हीटना छोट्या लिपीतला एस दिला. म्हणजे मोठा एस २ ही मोठ्या भट्टीची दुसरी हीट आणि छोटा एस २ ही लहान भट्टीची दुसरी. पुढचं सगळं इथून सुरू झालं, पण तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अडचण

लहान भट्टी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी एखादा टीसी मधूनच गायब व्हायला लागला. रोज नाही. डिस्पॅच सांभाळणारे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते लॅबमध्ये फोन करायचे, "साहेब, गाडीत एसजीचा माल हाय, एक टीसी निघालाच न्हाई की ओ." साहेब लॅपटॉपवरून तीच स्क्रिप्ट हाताने चालवायचे. टीसी निघायचा. गाडी सुटायची.

हाताने चालवलं की बरोबर आणि रात्री आपोआप चाललं की चूक, हे लक्षण कमांड लाइनवर काम करणाऱ्याला ओळखीचं असतं. तिथे मात्र त्याचा अर्थ "मशीन कधीकधी अडकतं, परत चालवायचं" असा लावला गेला आणि तीच वहिवाट पडली. हाताने चालवल्यावर रात्रीची आउटपुट फाइल पुसून नवी लिहिली जायची, त्यामुळे चुकलेल्या रात्रीचा पुरावाही रोज जात होता.

मग मामा सुट्टीवर असताना एक गाडी अपुऱ्या कागदांनिशी गेली आणि गिऱ्हाइकाने ती गेटवरच थांबवली. मालकांनी मला बोलावलं ते त्यानंतर.

शोध

पहिला संशय ओळीच्या शेवटावर घेतला. विंडोजवरून आलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्नचं जादा अक्षर असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण जुळणी बिघडवू शकतं. कॅट कमांडला मोठ्या ए चा पर्याय देऊन बघितलं तर फाइल स्वच्छ होती, स्क्रिप्टमध्ये ते अक्षर आधीच काढून टाकलेलं होतं. दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे पाथ, कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी: क्रॉनमध्ये तो तोकडा असतो आणि एखादी कमांड सापडत नाही. पण कमांड सापडली नसती तर एकही टीसी निघाला नसता.

खरी दिशा मामांच्या रजिस्टरने दिली. न निघालेल्या प्रत्येक हीटभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. मी पानं उलटत होतो, तर तेच म्हणाले, "हे बगा, ह्या सगळ्या मोठ्या भट्टीच्या एसजीच्याच हाईत. ग्रेचा एकबी न्हाई, आन् ल्हान भट्टीचाबी न्हाई." लॉग नव्हता, आउटपुट पुसलं गेलं होतं, आणि बिघाडाचा आकार एका वहीत नीट नोंदलेला होता.

मग क्रॉनमधून एनव्ह कमांड चालवून तिथलं वातावरण, म्हणजे तिथे लागू असलेल्या सेटिंग, एका फाइलीत घेतलं, साहेबांच्या एसएसएच सत्रातलं दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्हींतला फरक दाखवणारा डिफ लावला. बऱ्याच ओळी वेगळ्या होत्या, त्यातली कामाची एकच: लँग, म्हणजे भाषेची सेटिंग. मशीनची मूळ भाषा सी डॉट यूटीएफ-८ होती. साहेबांच्या लॅपटॉपवरही उबुंटूच, पण त्याची भाषा भारतीय इंग्रजी. डेबियन आणि उबुंटूमध्ये एसएसएच आपल्या भाषेच्या सेटिंग सोबत पाठवतं आणि पलीकडचं मशीन त्या स्वीकारतं. म्हणजे साहेब लॉगिन झाले की त्यांच्या लॅपटॉपचे वर्णक्रमाचे नियम सर्व्हरवर लागू व्हायचे.

सॉर्टचा क्रम या भाषेवर ठरतो. सी मध्ये अक्षरांच्या कोडप्रमाणे क्रम लागतो: सगळी मोठी अक्षरं आधी, सगळी छोटी नंतर. भारतीय इंग्रजीत शब्दकोशासारखा: छोटा एस १, मोठा एस १, छोटा एस २, मोठा एस २. महिन्याची फाइल साहेबांच्या हातून या दुसऱ्या क्रमाने लागायची. रात्री क्रॉन डिस्पॅचची यादी पहिल्या क्रमाने लावायचा आणि जॉइनही पहिल्याच नियमाने करायचा.

जॉइन दोन्ही फाइली एकाच क्रमात आहेत असं गृहीत धरून दोन बोटं पुढे सरकवत जातं. ज्या बाजूचा नंबर लहान, तिथलं बोट पुढे. समजा डिस्पॅचमध्ये जी २, मोठा एस २ आणि छोटा एस २ आहेत. जी २ जुळला. आता महिन्याच्या फाइलीत पुढे छोटा एस १ उभा आहे आणि डिस्पॅचच्या यादीत मोठा एस २. सी च्या नियमाने मोठा एस लहान ठरतो, म्हणून जॉइन समजतं की मोठा एस २ समोरच्या फाइलीत नाहीच, आणि त्याला सोडून पुढे जातं. छोटा एस २ पुढे नीट जुळतो. निकालात ग्रे पूर्ण, लहान भट्टी पूर्ण, मोठ्या भट्टीचं एसजी गळालेलं. मामांच्या लाल गोलांशी हे तंतोतंत जुळत होतं. लहान भट्टी येण्याआधी छोटं अक्षरच नव्हतं, म्हणून दोन्ही क्रम सारखे यायचे आणि बिघाड झोपून होता.

जॉइन याबद्दल गप्प बसलं नव्हतं. ग्नूचं जॉइन अशा वेळी अमुक फाइलीची अमुक ओळ क्रमाने नाही, असं एररच्या वाटेवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटपासून वेगळ्या प्रवाहात, लिहितं आणि शेवटी एक हा निकाल देऊन संपतं (शून्य म्हणजे सगळं ठीक). पण क्रॉनच्या ओळीत एररची वाट डेव्ह नलकडे वळवलेली होती, आणि तिथे गेलेलं सगळं नाहीसं होतं. कारण साधं होतं: सुट्टीच्या दिवशी स्पेक्ट्रोमीटरचा कॉम्प्युटर बंद असायचा, फाइल सापडत नाही असा संदेश यायचा, आणि एका निरुपद्रवी संदेशाला कंटाळून कुणीतरी सगळ्याच संदेशांचं तोंड बंद केलं. निकालाचा आकडाही पोचला नाही, कारण पाइपलाइनचा, म्हणजे एकीचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या कमांडच्या साखळीचा, निकाल म्हणजे तिच्या शेवटच्या कमांडचा निकाल, आणि शेवटी टीसी मांडणारी कमांड मिळालेल्या ओळी मांडून शून्य देऊन मोकळी व्हायची. शिवाय त्या मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नव्हता. डेबियनच्या घराण्यातला क्रॉन अशा वेळी आउटपुट टाकून देतो आणि तेवढी एक नोंद सिस्टिमच्या लॉगमध्ये ठेवतो. म्हणजे तोंड बंद केलं नसतं तरी संदेश माणसापर्यंत आला नसता.

युनिक्सच्या अवजारांचा एक जुना करार आहे: सगळं नीट झालं तर काही बोलायचं नाही. म्हणून शांततेला तिथे किंमत असते. एररची वाट बुजवली की शांततेचा अर्थच उरत नाही. माझ्या मते या प्रकरणातला मूळ दोष हाच होता, वर्णक्रमाचा गोंधळ हे त्याचं त्या वर्षीचं रूप.

पर्याय

त्याच संध्याकाळी स्क्रिप्टच्या आणि साहेबांच्या कमांडच्या सुरुवातीला एलसी ऑल, ही भाषेच्या बाकी सेटिंगवर मात करणारी सेटिंग, सी करून टाकली. एक ओळ, दोन ठिकाणी. रात्रीची गाडी पूर्ण कागदांनिशी गेली. मालकांचं म्हणणं होतं, झालं तर, आता कशाला हात लावायचा? हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा लागतो. चालत्या अवजाराला हात लावण्यातही धोका असतो आणि खर्च त्यांचा होता.

मी एक गोष्ट दाखवली. डिस्पॅचच्या यादीत मुद्दाम एक खोटा हीट नंबर घातला आणि दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालवली. तो नंबर निमूट गळाला, शून्य निकाल आला. क्रम आता बरोबर होता, तरी जे जुळत नाही ते टाकून द्यायचं हा जॉइनचा स्वभावच आहे. लॅबने मंजूर न केलेली हीट गाडीत चढली असती तरी हेच झालं असतं, आणि तसं पूर्वी झालं असेल तर कळायला मार्ग नव्हता. मालक त्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढचं काम करायला सांगितलं.

क्रम लावण्याची गरजच काढून टाकायची तर ऑक या ओळी-रकाने हाताळणाऱ्या छोट्या भाषेत महिन्याच्या हीट स्मरणात घेऊन डिस्पॅचची यादी एकेक ओळ तपासता येते. काय जुळलं नाही, काय दोनदा आलं, हे एकाच फेरीत नावानिशी मिळतं. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसही योग्य ठरला असता. मात्र तिथे आकड्यांचे रकाने संख्या म्हणून घेतले तर ३.६० चं ३.६ होतं, आणि टीसीवर लॅबने दिलेले दशांश तसेच दिसायला हवेत. रकाने मजकूर म्हणून ठेवले की हे टळतं. पण पुढे ते सांभाळणारं माणूस तिथे कोण, याला उत्तर नव्हतं. म्हणून ऑक. तिथे आकड्यांवर गणित न करता ओळ जशीच्या तशी छापली की दशांश टिकतात.

लहान भट्टीचा छोटा एस बदलणं हा सगळ्यात मुळाशी जाणारा पर्याय. पण नंबर कास्टिंगवर उमटलेले, टीसीवर गेलेले. मागे जाऊन ते बदलता येत नाहीत. नव्या महिन्यापासून बदलायचं ठरलं.

काय केलं

सगळ्यात जास्त चर्चा एका प्रश्नावर झाली: एक हीट जुळली नाही तर बाकीचे टीसी छापायचे की सगळंच थांबवायचं? साहेबांना सगळं थांबायला हवं होतं. मामांना ते चालणार नव्हतं: रात्री नऊला लॅबमध्ये कुणी नसतं, आणि एका चुकीच्या टायपिंगसाठी गाडी उभी राहिली तर लोक जुन्या वाटेने काम उरकायला लागतात. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की हीट जुळली नाही तर बाकीचे टीसी छापायचे, पण त्यांच्या आधी एक पान छापायचं. त्यावर गाडीतल्या हीट किती, टीसी किती, आणि न जुळलेले नंबर मोठ्या अक्षरांत. हे पान बघून सही केल्याशिवाय गाडी सोडायची नाही. स्क्रिप्टचा निकाल अशा वेळी एक. फाइलच बिघडलेली असेल किंवा एकाच हीटच्या दोन नोंदी मंजूर असतील तर एकही टीसी छापायचा नाही, निकाल दोन. सगळं जुळलं तर शून्य. मजकूर शोधणारी ग्रेप कमांडही अशीच वागते: सापडलं तर शून्य, नाही सापडलं तर एक, गडबड झाली तर दोन. म्हणून पुढे स्क्रिप्ट वाचणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल.

ते पहिलं पान मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. लॉग फाइल ठेवली आहेच, पण डिस्पॅचमध्ये लॉग कुणी उघडत नाही. प्रिंटरमधून आलेला कागद मात्र मामा हातात घेतातच.

दोन नोंदींचा मुद्दा मोजणी लिहिताना पुढे आला. मी आधी फक्त ओळी मोजायचं ठरवलं होतं: आत किती, बाहेर किती. साहेबांनी विचारलं, "रिटेस्ट केलेल्या हीटचं काय?" एका हीटचे दोन रिडिंग महिन्याच्या फाइलीत असतील तर जुनं जॉइन त्या हीटच्या दोन ओळी द्यायचं. एक हीट गळाली आणि एक दोनदा आली तर बेरीज बरोबर आणि कागद चूक. म्हणून ओळींऐवजी वेगवेगळे हीट नंबर मोजायचे आणि दोन्हीकडचे संच जुळवायचे. दोनपैकी कोणतं रिडिंग खरं हे स्क्रिप्टने ठरवायचं नाही. तो लॅबचा अधिकार, साहेब एक नोंद अंतिम म्हणून ठेवतील तेव्हाच पुढे.

स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतली कोणतीही कमांड चुकली तर सगळी साखळी चूक धरणारा पर्याय) आणि चूक दिसताच थांबण्याची सोय घातली. ती डोळे झाकून घालण्यासारखी नाही. चाचणीत एका शांत दिवशी स्क्रिप्ट मध्येच थांबली, कारण नाकारलेल्या हीट शोधणाऱ्या ग्रेपला एकही सापडली नाही आणि त्याने एक हा निकाल दिला. तिथे काही न सापडणं ही चांगली बातमी होती. अशा जागी एक आणि दोन यांत फरक करून लिहावं लागतं. पाइपमध्ये हेड असेल तर पहिल्या काही ओळी घेऊन ते निघून जातं आणि मागची कमांड १४१ देऊन पडू शकते. तोही बिघाड नसतो. आणखी एक: उबुंटूत क्रॉन आपली ओळ बॅशने चालवत नाही, डॅशने चालवतो (दोन्ही कमांड चालवणारे शेलच), आणि त्या मशीनवरच्या डॅशला पाइपफेल माहीत नव्हतं. म्हणून क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवलं आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश. तारखेची लॉग फाइलही आतच बनवली, कारण क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ धरली जाते आणि तारीख मागणारी कमांड तिथेच तुटते.

आउटपुट आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहायचं, तपासणी पूर्ण झाली की नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडने खऱ्या नावावर आणायचं, म्हणजे अर्धवट फाइल कधी प्रिंटरला जात नाही. दोन माणसांनी एकदम चालवू नये म्हणून एफलॉक या कमांडचं कुलूप. आणि नावात तारीख-वेळ, जेणेकरून हाताने चालवलेलं आउटपुट रात्रीचं पुसणार नाही.

परिणाम

वर्णक्रमाचा बिघाड परत आला नाही. पण पहिल्या पानावर नंबर यायला लागले. एकदा डिस्पॅचमध्ये शेवटी एक शून्य जादा टाइप झाला होता. एकदा लॅबची मंजुरी व्हायच्या आतच हीट गाडीत चढली होती, आणि ती एसजीची होती. मामांनी तो माल खाली उतरवून घेतला. पूर्वीच्या पद्धतीत तो हायवेला लागला असता.

साहेबांचं रात्री घरून लॅपटॉप उघडणं बंद झालं. सुट्टीच्या दिवशी येणारा तो जुना संदेशही आता येत नाही. फाइल नसणं हे त्या दिवशी अपेक्षित आहे, हे स्क्रिप्टला एका तपासणीने सांगितलं आणि बाकीच्या संदेशांची वाट मोकळी ठेवली.

पुन्हा करायचं तर

शोधाचा क्रम वेगळा ठेवता येईल. डेव्ह नलकडे वळवलेली वाट सगळ्यात आधी उघडली असती तर जॉइनचा संदेश पहिल्याच रात्री समोर आला असता. क्रॉनचा कोणताही बिघाड बघताना ही पहिली पायरी ठेवावी. पाथ आणि भाषा नंतर.

हाताने पुन्हा चालवून वेळ मारून नेणं थांबवता आलं असतं का? रात्री गाडी उभी असताना कुणीही तेच करेल, त्यात मी साहेबांना दोष देत नाही. पण हाताने चालवायची वेगळी कमांड असती आणि तिने कारण विचारून एक ओळ नोंदवली असती, तर महिनाअखेरीला त्या नोंदींनीच बिघाड दाखवला असता.

आणि नंबर ठरवताना फक्त लिपीच्या आकाराने फरक करू नये. फोनवर छोटा एस आणि मोठा एस सारखेच ऐकू येतात, बॉलपेनने लिहिलेले सारखेच दिसतात. उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून कागलच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत इथल्या कामात नंबर अजूनही तोंडी आणि हाताने फिरतात.

नव्या महिन्यापासून लहान भट्टीच्या हीटना एल हे अक्षर दिलं. जुन्या छोट्या एसचा माल गोडाऊनमध्ये शिल्लक असेतोवर दोन्ही चालतील, आणि फक्त लिपीत फरक असलेले दोन नंबर एकाच यादीत आले तर स्क्रिप्ट पहिल्या पानावर तसं लिहिते. माल संपल्यावर ही तपासणी काढायची का, असं मालकांनी विचारलं आहे. मी ठेवा म्हणून सांगितलं आहे, कारण डिस्पॅचचा कीबोर्ड तोच आहे आणि त्यावरचं कॅप्स लॉकही.